सुळक्यावर जाण्याआधीची खरेदी

डोंगरात फिरायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण तोवर माझं सामान म्हणजे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज, मुलाने दहावीनंतर टाकून दिलेली सॅक आणि एक हेडटॉर्च. सिंहगड, राजगड, तोरणा, अगदी हरिश्चंद्रगडसुद्धा एवढ्यावर निभतो. पावसाळ्यात फार तर प्लॅस्टिकच्या पिशव्या वाढतात. मग प्रस्तरारोहणाच्या वर्गात नाव घातलं, सामानाची यादी हातात पडली, आणि हेल्मेट, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), स्क्रू कॅराबिनर (स्क्रूने बंद होणारी धातूची कडी), स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास), डिसेंडर (रोपावरून उतरायचं साधन) हे शब्द बाजारात शोधायची वेळ आली. ट्रेकमध्ये बुटाचा सोल निघाला तर दोरीने बांधून खालच्या गावापर्यंत येता येतं. कड्यावर ज्या वस्तूला आपण लटकलेलो असतो तिच्या बाबतीत असली सोय नसते.

मी बँकेत कर्ज विभागात आहे. कागद पूर्ण वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही ही तिथली सवय. ती या खरेदीत कामी आली. नवऱ्याच्या मते जरा जास्तच.

आमच्या क्लबचं इक्विपमेंट सांभाळणारे गृहस्थ साठीला आलेत, पण लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणतात. यादी घेऊन मी आधी त्यांच्याकडे गेले. रोप कोणता घेऊ, हा माझा पहिला प्रश्न.

"रोप तुम्ही घ्यायचाच नाही, ताई," ते म्हणाले. "रोप क्लबचा. त्याची वही असते."

आणि त्यांनी खरंच वही काढली. प्रत्येक रोपाला एक पान. कधी घेतला, किती जाडीचा, कोणत्या मोहिमेला गेला, कोणी लीड केलं (म्हणजे रोप घेऊन सगळ्यात पुढे कोण चढलं), पडलं का, किती उंचीवरून पडलं, कड्याच्या धारेवर घासला का, कधी धुतला, कोणी धुतला. एका पानावर शेवटची ओळ होती, 'कापला'. निवृत्त झालेला रोप ते माळ्यावर टाकत नाहीत, त्याचे हातभर तुकडे करतात. अख्खा ठेवला तर दोन वर्षांनी कोणीतरी उत्साही पोरगा तो उचलून नेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला गाठी घोटायला त्यातलाच एक तुकडा मिळाला.

ती वही चाळताना माझ्या डोक्यात जे बसलं त्यावर पुढची सगळी खरेदी झाली. कर्ज देताना आम्ही माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याचे मागचे व्यवहार बघतो. इथेही कंपनीच्या नावाआधी वस्तूचा मागचा हिशोब हवा. ती कधी बनली, कुठल्या कसोटीतून गेली, कोणाच्या हातून आली आणि मधल्या काळात कुठे पडून होती. यातलं एखादं जरी उत्तर मिळत नसेल, तर ती वस्तू कितीही नवी दिसो, घ्यायची नाही.

रोपाबद्दल एवढं तरी प्रत्येकाला ठाऊक हवं. डायनॅमिक रोप ताणला जातो. लीड करणारा पडला की झटक्याचा मोठा भाग रोप स्वतः खातो, उरलेला माणसाच्या कमरेला आणि अँकरला (रोप जिथे कड्याला बांधलेला असतो त्या आधाराला) बसतो. ईएन ८९२ या युरोपीय मानकाप्रमाणे सिंगल रोपाला ८० किलोचं वजन टाकून किमान ५ पडझडी सोसाव्या लागतात आणि पहिल्या झटक्याचं बळ १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण १२०० किलोच्या भाराच्या, आत राहावं लागतं. स्टॅटिक रोप, म्हणजे ईएन १८९१ वाला, फारसा ताणत नाही. रॅपलिंगला (रोपावरून खाली उतरायला), झुमारिंगला (रोपाला पकडणारं साधन सरकवत वर चढायला), सॅक वर ओढायला तो उत्तम. त्याच्यावर लीड करून कोणी पडलं तर रोप तुटणार नाही कदाचित, पण माणूस आतून मोडेल. दुकानात दोन्ही रंगीबेरंगी, दोन्ही साधारण एकाच जाडीचे. ओळख फक्त टोकावरच्या पट्टीवर. पुण्याच्या बोहरी आळीत किलोवर मिळणारा नायलॉन दोरही लांबून तसाच दिसतो. तो ट्रकवरचा माल बांधायला बनवलाय आणि ते काम चोख करतो.

दादांनी रोप तपासायला शिकवलं ते असं. डोळे मिटून सगळा रोप इंच इंच हातातून सरकवायचा. आजचे रोप आत गाभा आणि वर विणलेलं आवरण अशा रचनेचे असतात (जर्मनीच्या एडेलरिडने १९५३ मध्ये हे पहिल्यांदा आणलं), आणि भार मुख्यतः गाभा घेतो. आवरण धडधाकट दिसत असताना आतला गाभा तुटलेला असू शकतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रोप वाकवून छोटा वळसा करायचा. निरोगी रोप गोल वळतो. आत दुखापत असेल तिथे तो मोडल्यासारखा चपटा होतो, नाहीतर बोटांना मऊ खड्डा लागतो. आधी मला काहीच कळत नव्हतं, मग एका जुन्या तुकड्यात तो खड्डा सापडला आणि बोटांना लक्षात राहिला.

वैयक्तिक खरेदीत पहिला नंबर हेल्मेटचा. सह्याद्रीचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. एक थर पोलादासारखा, त्याच्या वरचा भुसभुशीत, मध्ये गवताचे आणि मातीचे टप्पे. चार महिने पाणी मुरतं, मग उन्हात तडकतं. रोप नुसता घासला तरी वरून खडे सुटतात, आणि माकडांनाही बहुधा हा उद्योग आवडतो. 'मी कुठे पडणार आहे' म्हणून हेल्मेट टाळणाऱ्याला सह्याद्री कळलेलाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं मानक ईएन १२४९२. त्यात ५ किलोचं वजन २ मीटरवरून हेल्मेटवर टाकतात आणि डोक्यापर्यंत पोचणारं बळ १० किलोन्यूटनच्या आत यावं लागतं. यूआयएए, म्हणजे गिर्यारोहण संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ, हीच मर्यादा ८ वर आणतो. सायकलचं हेल्मेट डोकं जमिनीवर आपटेल या हिशोबाने केलेलं असतं, वरून धोंडा येईल या हिशोबाने नाही. नवऱ्याचं महागडं सायकल हेल्मेट घरात आयतं होतं, तरी ते बाद झालं. फोमची हलकी हेल्मेटं हातात घेतली की सोडवत नाहीत, पण एसटीच्या टपावर, सॅकच्या ढिगाखाली फोमला पोचे पडतात. मी जाड प्लॅस्टिकच्या कवचाचं, थोडं जड घेतलं. केस मोठे असणाऱ्या बायकांनी दुकानात जाताना डोंगरात जशी वेणी घालणार तशीच घालून जावं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते पुढे कपाळावर घसरतं आणि मागचं डोकं उघडं पडतं. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं मला दिसलं नाही.

हार्नेसच्या दुकानात तासभर गेला. पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे आणि पूर्ण आवळून झाल्यावर बकलमधून भरपूर पट्टी उरली पाहिजे. बायकांसाठीच्या हार्नेसमध्ये कमरेचा पट्टा आणि मांड्यांचे फास यांच्यातलं अंतर थोडं जास्त असतं. मी आधी पुरुषांचा घालून बघितला, त्यात लटकल्यावर कमरेचा पट्टा खाली ओढला जायचा. लटकून बघणं हाच खरा मुद्दा आहे. दुकानात छताला रोप लावलेला होता. पाच मिनिटं लटकले, तेव्हा कुठे काचतंय ते कळलं. काम करणारा मुलगा सारखा विचारत होता, "मॅडम, झालं का?" झालं नव्हतं. सुळक्यावर बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा रोप धरून त्याला सांभाळताना, याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लटकायचं असतं.

हार्नेसच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर मानक (ईएन १२२७७) आणि बनवल्याचं वर्ष असतं. कापडी सामानाला बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त १० वर्षांचं आयुष्य देतात, तेही न वापरता ठेवलं तर. आमच्याच शाखेतली एक मैत्रीण कॅनडाला निघाली होती. तिने तिचा हार्नेस, स्लिंग आणि स्लीपिंग बॅग मला फुकट देऊ केली. स्लीपिंग बॅग मी आनंदाने घेतली. हार्नेस माळ्यावर कशाशेजारी पडून होता, मध्ये कोणी नेला होता का, हे तिलाच नीट आठवत नव्हतं. मी नाही म्हटलं. तिला थोडं लागलं असणार.

कॅराबिनरच्या शोधात जुन्या बाजारात एक चक्कर मारली, नुसती हौस म्हणून. तिथे एक जाडजूड कॅराबिनर मिळाला, पाठीवर भला मोठा किलोन्यूटनचा आकडा कोरलेला. "आर्मीचा माल आहे, मॅडम," विक्रेता म्हणाला. हे वाक्य पुण्यात ताडपत्रीपासून बुटांपर्यंत सगळ्याला लागू पडतं. त्या एका आकड्याशिवाय त्यावर दुसरं काहीच नव्हतं.

खऱ्या कॅराबिनरच्या पाठीवर तीन आकडे असतात. लांबीत किती भार घेतो, आडवा पडला तर किती, आणि गेट, म्हणजे कडीचं उघडणारं तोंड, उघडं राहिलं तर किती. साध्या प्रकारात मानकाची किमान अट २०, ७ आणि ७ किलोन्यूटन. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोचा भार. ७०० किलो ऐकायला पुष्कळ वाटतात, पण लीड करणारा पडतो तेव्हा सगळ्यात वरच्या कॅराबिनरवर पडणाऱ्याचा आणि बिले देणाऱ्याचा, असा दोन्हीकडचा ओढा एकदम येतो. आडवा पडलेला किंवा गेट उघडं राहिलेला कॅराबिनर आपली दोन तृतीयांश ताकद घालवून बसलेला असतो, आणि स्क्रू लावायचा तो म्हणूनच. आकड्यांशेजारी सीईची (युरोपीय नियमांत बसल्याची) खूण आणि तिच्यामागे चार आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तपासणी संस्थेचा.

यावर दादांनी पाणी टाकलं. खुणा कोरता येतात, म्हणाले. फ्रान्सच्या पेट्झलने २०११ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या झुमारच्या (रोपावर चढायच्या साधनाच्या) आणि कॅराबिनरच्या हुबेहूब नकला बाजारात आल्यात, खुणांसकट. म्हणून अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल. मी बिलावर मॉडेलचं नाव लिहून घेतलं आणि वस्तूवरचा बॅच क्रमांक घरी टिपून ठेवला. कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर त्या क्रमांकाशिवाय आपल्याला पत्ताही लागत नाही. ऑनलाइन एका ठिकाणी अर्ध्या किमतीत दिसत होतं, पण विकणारा कोण याचा थांग लागेना. सोडून दिलं.

स्लिंगच्या बाबतीत बारीक, पांढरी डायनीमाची (एका अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) पट्टी सगळ्यांना भुरळ घालते. वजन नाही, पाणी पीत नाही, ताकद तेवढीच. पण ती ताणत नाही आणि नायलॉनपेक्षा फार लवकर वितळते, सुमारे १४५ अंशांना. नायलॉन २०० च्या वर टिकतं. अँकर जोडायला डायनीमा चालेल. स्वतःला अँकरला बांधून घ्यायला मात्र मी डायनॅमिक रोपाचा तुकडा घेतला, कारण उभ्या उभ्या पाय सटकला तरी ताठ स्लिंगवर बसणारा झटका वाईट असतो. प्रुसिकसाठी, म्हणजे भार आला की रोपावर आवळणाऱ्या गाठीसाठी, ६ मिलिमीटरची नायलॉन कॉर्ड.

बुटांवर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण तिथे प्रत्येकाला मत असतं. मुलाचं म्हणणं, 'आई, वॉटरप्रूफच घे.' सह्याद्रीच्या पावसाळ्यात मी ते घेणार नाही. इथे पाणी बुटाच्या कापडातून येत नाही, घोट्यावरून येतं. ओढा ओलांडताना एकदा आत गेलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेरही जाऊ देत नाही आणि दिवसभर पाय बादलीत. बर्फातल्या वाटांसाठी केलेली वस्तू मुळशीच्या पावसात का चालावी? जाळीचा, पाणी सोडणारा, रबर मऊ असलेला बूट बरा. कडक सोल शेवाळलेल्या कातळावर काचेसारखा घसरतो. नवा बूट मी आधी वेताळ टेकडीवर घातला, मग पाऊस पडून गेल्यावर सिंहगडाच्या पायवाटेवर. दुकानात उतारावर उभं राहून बोटं पुढे आपटतायत का ते बघायचं, आणि खरेदी संध्याकाळी करायची, दिवसभरात पाय फुगतो म्हणून.

एक गोष्ट जपून वापरणाऱ्या मराठी घरांना पटणार नाही. सोलमधला पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने आपोआप कुजतो, बूट घातला नाही तरी. एका मैत्रिणीने महागाचे बूट 'हिमालयासाठी' म्हणून चार-पाच वर्षं खोक्यात ठेवले. राजगडावर रंगीत तालीम म्हणून घातले, आणि गुंजवणे दरवाज्याच्या अलीकडे दोन्ही सोल भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटले. आता मी बूट घेतले की ते वापरूनच संपवते.

क्लाइंबिंग शूजचं मात्र ठरायला वेळ लागला. कृत्रिम भिंतीवर सगळे बोटं मुडपून, करकचून घालतात. दहा मिनिटांच्या चढाईला ते ठीक. तैलबैल्याच्या कड्यासारख्या ठिकाणी तुम्ही एका चिंचोळ्या टप्प्यावर दुसऱ्याला बिले देत खूप वेळ उभे असता, तिथे असला बूट म्हणजे शिक्षा. सपाट तळव्याचा, बोटं सरळ राहतील असा जोड घेतला.

सॅकसाठी लिटरच्या आधी पाठ मोजावी लागते. मान पुढे झुकवली की मागे जे ठळक हाड लागतं तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत. मुलाने शिवणकामाच्या टेपने मोजली, सोळा इंच भरली. तेव्हा समजलं की त्याच्या जुन्या सॅकने माझे खांदे इतकी वर्षं का दुखत होते. तिचा कमरपट्टा माझ्या कमरेच्या खाली लोंबत होता, आणि भार तर मुख्यतः कमरेने घ्यायचा असतो. दुकानात मी घरून इंद्रायणी तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन गेले, सॅकमध्ये भरल्या आणि जिने चढले-उतरले. रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. दोन दिवसांच्या मुक्कामाला ४५-५० लिटर भरपूर झाले. घेताना हेही बघितलं की बकल आणि चेनचा रनर साधे, कुठेही मिळणारे आहेत. आमच्या गल्लीतला बॅग दुरुस्त करणारा अर्ध्या तासात बदलून देतो. फक्त त्याच कंपनीचं अगम्य बकल डोंगरात तुटलं तर काय करायचं?

फुकट मिळालेल्या स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात जो आकडा होता तो 'एक्स्ट्रीम'चा निघाला. त्या तापमानाला जीव वाचेल एवढंच ते सांगतात, झोपेची हमी नाही. बघायचा आकडा 'कम्फर्ट'चा, आणि तो बाईच्या शरीराचा अंदाज धरूनच काढतात, त्यामुळे आम्हाला थेट लागू. सह्याद्रीतल्या डिसेंबरला १० अंशांच्या आसपासची बॅग चालते. खाली कॅरीमॅट हवीच, अंगाखाली बॅग दबते आणि दबलेला भाग ऊब धरत नाही. तंबू आणि हिमालयातलं गरम सामान भाड्याने. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीत पैसे अडकवायचे नाहीत, हे बँकेतच शिकले.

सामान ठेवायला मी बाल्कनीतलं कपाट रिकामं केलं होतं. दादांनी विचारलं, "त्यात आणखी काय आहे?" इन्व्हर्टरची बॅटरी. ते एकदम गंभीर झाले. बॅटरीतल्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा शिंतोडा किंवा वाफ नायलॉनला लागली तर पट्टी वरून चांगली दिसते आणि भार आल्यावर सुटते. आता हार्नेस, स्लिंग आणि कॉर्ड बेडरूमच्या कपाटात, सुती पिशवीत. मार्कर पेनने पट्ट्यावर तारीख लिहायची नाही, शाईतल्या द्रावणाचा तोच धोका, म्हणून तारखा एका वहीत. हार्नेस धुतला तर साध्या पाण्यात नाहीतर सौम्य साबणात, आणि वाळवायचा सावलीत.

बिले देताना रोप अडवायचं साधन, बिले डिव्हाइस, तेवढं अजून घेतलेलं नाही. मुलाच्या मित्रांकडे आपोआप अडकणारी आहेत आणि ती सुरक्षित आहेत यात वाद नाही. पण सुळक्यावरून उतरताना दुहेरी रोपावर रॅपलिंग करावं लागतं, ते त्यांच्यावर सरळ होत नाही, आणि कोणत्या जाडीचा रोप चालेल हेही प्रत्येक डिव्हाइसवर ठरलेलं असतं. क्लबचे दोन रोप जरा जाड आहेत. दादा म्हणतात, हा मोसम क्लबच्या साध्या एटीसीवर (आपोआप न अडकणाऱ्या, हाताने ब्रेक धरायच्या डिव्हाइसवर) काढा, ब्रेकचा हात कधीच न सोडायची सवय लागू दे, दिवाळीनंतर बघू.